किहीमहून मांडव्याला चालत

अहो,

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसनं आम्हाला समुद्रावर नेलं. शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीहून विमान, शनिवारी सकाळी गेटवेवरून बोट, आणि दुपारच्या जेवणाला आम्ही सगळे अलिबागकडच्या एका रिसॉर्टमध्ये पांढऱ्या खुर्च्यांवर बसलो होतो. ऑफिसातली एक मुलगी, माझ्या मुलाच्याच वयाची, असल्या सहलींचं सगळं बघते. तिनं संध्याकाळी सर्वांना मेसेज टाकला की रविवारी सकाळी 'ईझी कोस्टल वॉक' आहे, टोपी आणि पाण्याची बाटली घ्यावी, वाट सपाट आहे, कोणालाही जमेल. सोबत एक नकाशा होता आणि त्यात समुद्राच्या कडेनं नावं लिहिली होती, किहीम, आवास, सासवणे, मांडवा. मी खोलीत एकटीच होते. नकाशा बघितला आणि मोठ्यांदा हसले. ही वाट मी चाललेली आहे, तुमच्याबरोबर, आणि ती सोपी होती असं मी तरी कोणाला सांगणार नाही.

पत्राला मायना काय घालावा हा प्रश्न मला पडला नाही. तुम्हाला मी इतकी वर्षं 'अहो'च म्हणत आले. तुम्ही बाबांना 'अहो' म्हणायचात, मी तुम्हाला 'अहो' म्हणायचे, त्यामुळे नोएडाच्या त्या फ्लॅटमध्ये कोणीही हाक मारली की दोन खोल्यांतून दोघंजण 'काय?' म्हणून बाहेर यायचे. पाहुण्यांना याची फार मजा वाटे. शेजारच्या शर्मा आंटींना तर कितीतरी वर्षं वाटत होतं की 'अहो' हे तुमचं नाव आहे. त्या तुम्हाला 'अहोजी' म्हणायच्या आणि तुम्ही त्यांना कधी सुधारलं नाहीत. शाळेत पोरांच्या हिंदीतली एकेक मात्रा सुधारणाऱ्या तुम्ही.

तुमचं पहिलं नाव मात्र आमच्या घरात 'फरीदाबादच्या बाई' होतं. तुम्ही मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती घरातल्या, आणि नोकरीसाठी म्हणून फरीदाबादला येऊन तिथल्या शाळेत हरियाणवी मुलांना हिंदी शिकवत होतात. गणपतीत दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाला दरवर्षी दोन बस बदलून तालमीला यायचात. बाबा नाटकात प्रॉम्प्टर असत. तुमचं पाठांतर इतकं चोख की तुमच्या प्रवेशात प्रॉम्प्टरला काही काम नसे, तरी तुमचा प्रवेश आला की बाबा विंगेत पुस्तक उघडून, चष्मा पुसून, उभे. हे मंडळातल्या सगळ्यांना माझ्या आधी दिसलं होतं. मला दिसलं नाही, कारण मुलींना आपला बाप विंगेत उभा असलेला दिसत नसतो.

बाबांनी विषय काढला तो सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. मोसमातले पहिले, महागडे मटार आणले होते आणि आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून सोलत होतो. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी शाळेत असतानाच ती गेली, आणि तेव्हापासून भाजी निवडणं हे आमचं दोघांचं बोलण्याचं ठिकाण होतं. बाबांची निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं, नोएडात एका सेक्टरमध्ये फ्लॅट घेतलेला होता, जिथे अजून रस्त्याला दिवे नव्हते आणि बाल्कनीतून मोहरीची शेतं दिसत. मी नोएडातच एका नव्या कंपनीत लागले होते, चार्टर्ड बसनं जात होते, माझा पगार बाबांच्या पगाराच्या बरोबरीला आला होता आणि त्याचा बाबांना इतका आनंद की ते तो आकडा लोकांना न विचारता सांगत. तर त्या दिवशी मटार सोलता सोलता बाबांनी विचारलं, फरीदाबादच्या बाई तुला कशा वाटतात? मी म्हटलं, अच्छ्या आहेत. बाबा म्हणाले, तसं नाही विचारत. आणि मग एक शेंग त्यांनी सोलून, दाणे सालांच्या ढिगात आणि साल भांड्यात टाकलं. तेव्हा मला कळलं.

त्यांनी मला सरळ सांगितलं की तू नको म्हणालीस तर विषय इथेच संपला. हे त्यांना फार न्यायाचं वाटलं असणार. मला मात्र हातात कोणीतरी तापलेली पातेली दिल्यासारखं झालं. मी म्हटलं, मला वेळ हवा. बाबांनी वेळ म्हणजे सहल असा अर्थ घेतला. कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे आपल्या दिल्लीच्या कॅलेंडरातली गुरु नानक जयंती, सोमवारी आली होती. तुमची मावसबहीण किहीमला राहायची आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. तिघांनी शुक्रवारी राजधानीनं जायचं, सोमवारी परत निघायचं, असं ठरलं. दिल्लीत तेव्हा संध्याकाळी सप्तपर्णीचा वास सुटायला लागला होता आणि मी बॅगेत एक स्वेटर टाकला. तुम्ही स्टेशनवर तो पाहिलात आणि म्हणालात, "तिकडे घाम पुसायला वापर."

राजधानीतला तो प्रवास मला आठवतो तो उकडलेल्या अंड्यांसाठी. गाडीत जेवण मिळतं हे तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही घरून डबा आणला होता, चटणीची सँडविचेस आणि मीठ-मिरपूड लावलेली अंडी. मी बाबांकडे बघितलं, कारण आमच्या घरात अंडं येत नसे. बाबांनी खिडकीकडे तोंड करून एक अंडं खाल्लं आणि मग, आता लपवण्यात अर्थ नाही असं ठरवून, माझ्याकडे तोंड करून दुसरं खाल्लं. त्यांना ते खायची सवय होती हे त्यांनी वरून आणखी मीठ मागून घेतलं त्यावरून कळत होतं. मला राग यायला हवा होता. पण मला वाटलं, अरे, या माणसाला मी ओळखते असं मी समजत होते.

आता तो सोमवार. ठरलं असं होतं की सकाळी तिघांनी किनाऱ्यानं चालत मांडव्याला जायचं, तिथून दुपारची लाँच, आणि संध्याकाळी मुंबईहून गाडी. तुमची बहीण म्हणाली होती की लवकर निघा, पौर्णिमेची भरती मोठी असते, आवासच्या अलीकडचा वहाळ, म्हणजे समुद्राला मिळणारा ओढा, नंतर भरतो. पण नाश्ता झाला आणि बाबांची टाच अचानक दुखायला लागली. ती टाच आदल्या दिवशी दुखत नव्हती आणि नंतरही कधी दुखल्याचं मी ऐकलं नाही. ते म्हणाले, तुम्ही दोघी चला, मी सामान घेऊन रिक्षानं येतो, जेट्टीवर भेटू. तुम्ही त्यांच्याकडे असं बघितलंत जसं गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणणाऱ्या मुलाकडे बघत असाल. मग आत जाऊन शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आलात, निळ्या सुती साडीखाली, आणि म्हणालात, चल.

तुम्ही मला आजही तशाच दिसता. पाणी खूप मागे गेलेलं आहे, वाळू ओली, घट्ट, सायकल चालवावी अशी. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सुरूची झाडं, आणि तुम्ही माझ्यापुढे भराभर चालताय. मी मागून म्हणते, "आंटी, जरा हळू." तुम्ही थांबता. वळता. तुम्ही म्हणता, "आंटी नको. मला भाजीवाला आंटी म्हणतो." मी विचारते, मग काय म्हणू? तुम्ही थोडा विचार करता आणि म्हणता, सुचेल तेव्हा म्हण, घाई नाही. आणि पुन्हा चालायला लागता, पण आता माझ्या वेगानं.

बराच वेळ आपण शब्दांवरच बोललो. बोलायला दुसरं होतं ते दोघींनाही काढायचं नव्हतं. मी त्या झाडांना ख्रिसमस ट्रीसारखी झाडं म्हटलं, तुम्ही सांगितलंत सुरू. मी बीच म्हटलं, तुम्ही म्हणालात पुळण, आणि हा शब्द तुम्हालाही कालच बहिणीकडून कळला असं लगेच कबूल केलंत. मी म्हटलं की दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी असंच असतं, घरापुरतं. तुम्ही म्हणालात, घरापुरतं असायला हरकत नाही, पण घर जरा मोठं ठेव. तेव्हा मला हे मास्तरणीचं बोलणं वाटलं. नंतर, बंगलोरला एकटी असताना, मी ते पुष्कळदा स्वतःशी म्हटलं.

किहीमची वस्ती मागे पडली. होड्या वर ओढून ठेवलेल्या होत्या. तुम्ही एका उपड्या होडीच्या सावलीत बसलात, बूट काढून त्यातली वाळू झटकलीत आणि एकदम, पाण्याकडे बघत, म्हणालात,

"तुला म्हणून सांगते. मी तुझ्या बाबांना नाही म्हणायचं ठरवून आले आहे."

अहो, त्या वेळी मला काय वाटलं ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. गाडीत बसल्यापासून मी न्यायाधीश झाले होते. तुम्ही कशा खाता, कशा हसता, बाबांशी किती जवळ बसता, सगळं तोलत होते. हो म्हणायचं का नाही ते माझ्या हातात आहे आणि तुम्ही माझ्यापुढे उभ्या आहात, असं माझं चित्र होतं. आणि तुम्ही त्या न्यायालयात आलाच नव्हतात. मला हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला बाबांचा अपमान झाल्यासारखा वाटला. माझ्या बाबांना नाही? का म्हणून?

तुम्ही शांतपणे सांगितलंत. फरीदाबादच्या त्या दोन खोल्या तुम्ही स्वतःच्या पगारातून घेतल्या होत्या. शाळेतून आलं की दार लावायचं, चहा करायचा, रेडिओ लावायचा, आणि उद्यापर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, याची तुम्हाला सवय नव्हे, आवड होती. लोक समजतात एकटी बाई म्हणजे बिचारी, तुम्ही म्हणालात, मी बिचारी नाही. माझ्यासाठी कोणी वाट बघत बसलेलं मला सोसत नाही, आणि तुझे बाबा वाट बघणाऱ्यांतले आहेत. यावर मी काय करावं? मी बाबांची वकिली सुरू केली. एखाद्या वधूवर सूचक मंडळाच्या बाईसारखी. बाबा घोरत नाहीत. चहा स्वतः करतात, कप स्वतः विसळतात. विजेचं बिल आलेल्या दिवशी भरतात. कोणाबद्दल वाईट बोलत नाहीत, ऑफिसातल्या साहेबाबद्दल सोडून.

तुम्ही विचारलंत, आणि दोष?

मी दोष सांगायला लागले तेव्हा तर थांबेचनात. पेपर असा घडी घालतात की नंतर कोणाला वाचता येत नाही. खोलीत माणूस बसलेला असताना पंखा बंद करून जातात. एकच विनोद आहे, तो दर पाहुण्याला सांगतात आणि शेवट आधी सांगून टाकतात. टीव्हीवर आता इतके चॅनेल आलेत तर सगळे एकदा बघून मगच एक ठरवतात, तोवर कार्यक्रम संपतो. तुम्ही हसायला लागलात. तुमचं असं हसणं मी पहिल्यांदा पाहिलं, खांदे हलवून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी. मीही हसले. आणि त्या हसण्यात, सैल होऊन, मी ते बोलून गेले. मी म्हटलं, तुम्ही हो म्हटलंत तर माझंही बरं होईल. कंपनी बंगलोरला नवं ऑफिस काढतेय, मला विचारलंय, पण बाबांना एकटं टाकून कशी जाणार?

तुमचं हसणं थांबलं. तुम्ही बुटाच्या नाड्या बांधल्यात, दोन्ही बुटांच्या, सावकाश, आणि उठलात.

"म्हणजे तुला बदलीवर माणूस हवंय. मी तशी मिळणार नाही."

तुम्ही हे आवाज न चढवता म्हणालात. वर्गात कधी ओरडत नसणार तुम्ही, ते तेव्हाच कळलं. पुढचा सगळा किनारा मी मागे, तुम्ही पुढे. ऊन वर आलं होतं, पाणीही. मघाशी लांब दिसणारी लाट आता चालता चालता पायाला लागून जात होती आणि आपण हळूहळू वर, सुरूंच्या बाजूला सरकत होतो. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा राग येत होता. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. मला फक्त सगळ्यांचं एकदम बरं करायचं होतं आणि त्यात माझंही.

तो वहाळ आला तेव्हा भरला होता. सकाळी लवकर आलो असतो तर पाऊल भिजलं नसतं. आता त्यात समुद्र आत शिरत होता. तसा रुंद नव्हता, पण पाणी हलत होतं आणि तळ दिसत नव्हता. पलीकडे जाळं विणत बसलेल्या एका कोळिणीनं हात करून सांगितलं की या, गुडघ्यावर नाही जायचं, पण थांबाल तर जाईल. तुम्ही बूट काढलेत आणि एकमेकांना बांधून माझ्या गळ्यात अडकवलेत. साडी वर खोचलीत. मग हात पुढे केलात. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. तुम्ही म्हणालात, "मला तरी कुठे येतं?" आणि माझा हात धरून पाण्यात उतरलात.

मध्यावर पायाखालची वाळू सरकली. आधी माझ्या, मग तुमच्या. आपण दोघी एकमेकींना सावरायला गेलो आणि दोघीही बसलो, चांगल्या कमरेपर्यंत, त्या वाहत्या खाऱ्या पाण्यात. बुडण्यासारखं काही नव्हतं. पलीकडची कोळीण इतकी हसली की तिनं जाळं बाजूला ठेवलं. तुम्ही पाण्यात बसल्या बसल्या मला विचारलंत, बूट कोरडे आहेत का? बूट कोरडे होते. मी ते एका हातानं डोक्यावर धरले होते, आपण पडतोय हे कळल्याबरोबर. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पुन्हा ते खांदे हलायला लागले.

पलीकडे उन्हात साडीचा पदर पिळता पिळता तुम्ही मला म्हणालात ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे. "तुझ्या नोकरीचं तू बाबांना सांग. माझं मी त्यांना सांगीन. ही दोन गाठोडी एकत्र बांधू नकोस, कोणालाच उचलायची नाहीत." मी विचारलं, म्हणजे तुम्ही नाहीच म्हणणार? तुम्ही म्हणालात, ते तुला कशाला? ते तुझ्या बाबांचं आणि माझं. आणि मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, पंखा खरंच बंद करून जातात का, असं विचारलंत.

सासवण्याला टपरीवर चहा प्यालो. अंगावरचे कपडे तिथपर्यंत वाळून मिठानं कडक झाले होते. त्यापुढची वाट मला मुळीच आठवत नाही, म्हणजे ती आनंदात गेली असणार. मांडव्याच्या जेट्टीवर बाबा तिघांच्या बॅगांच्या मधोमध, छत्री उघडून बसले होते. शेजारी तीन शहाळी होती. न फोडलेली. आपल्याला बघून ते उठले, आपल्या अवताराकडे पाहिलं आणि शहाळेवाल्याला हाक मारायला निघाले. मीच त्यांना थांबवलं. मला भीती वाटत होती की बसले तर बोलणार नाही. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की बाबा, मला बंगलोरला बोलावलंय आणि मला जायचंय. तुमचं काय ठरतं त्याच्याशी याचा संबंध नाही. बाबांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी बघितलं. मग ते म्हणाले, "जा की. विचारतेस काय?" मग एवढं मोठं ओझं मी इतके दिवस कशासाठी वाहत होते, हे मला कळेना.

मी शहाळेवाल्याकडे गेले आणि मुद्दाम तिथेच रेंगाळले. पण वारा माझ्या बाजूला होता, म्हणून तुमचं बोलणं आलं. तुम्ही म्हणत होतात की फरीदाबादचं घर मी सोडणार नाही. शाळा आहे तोवर सोमवार ते शुक्रवार मी तिथे. शनिवारी सकाळी येईन, रविवारी चर्च आटोपून जेवेन, संध्याकाळी जाईन. शाळा संपल्यावरही ते घर राहील. बाबा म्हणाले, बरं. तुम्ही म्हणालात, "आणि वाट बघत बसायचं नाही." बाबांनी खरंच न समजून विचारलं, "मग काय करायचं?"

"जेवून घ्यायचं."

इतक्या वर्षांत बाबांना हे कोणी सुचवलं नव्हतं. मग त्यांनी मान हलवली, नाटकात प्रवेश संपल्यावर पुस्तकाचं पान उलटायचे तशी, आणि छत्री मिटली.

लग्न कचेरीत झालं, जानेवारीच्या धुक्यात, आणि तुम्ही तेच पांढरे बूट घालून आला होतात, कारण पायऱ्या ओल्या होत्या. मंडळातल्या लोकांनी आधी धर्माची चर्चा केली, मग वयाची, आणि मग सगळे जण शनिवार-रविवारच्या लग्नाबद्दल बोलायला लागले, कारण ते कोणी पाहिलं नव्हतं. काही बायकांनी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं की हे कसं जमवलंत, आम्हाला आता उशीर झाला का? बाबा दर शनिवारी सकाळी मारुती घेऊन कालिंदी कुंजच्या यमुनेवरच्या पुलावरून तुम्हाला आणायला जात. रविवारी चर्चबाहेर गाडीत पेपर वाचत बसत, म्हणजे ते वाट बघत नसत, पेपर वाचत असत. कधी कधी बुधवारी त्यांना फरीदाबादकडे काहीतरी काम निघे. डबा परत द्यायचा असे. एकदा नुसतं झाकण द्यायला गेले होते. तुम्ही दारातून झाकण घेतलंत, आत बोलावलंत, चहा दिलात, आणि रेडिओ चालू ठेवलात. हे तुम्हीच मला बंगलोरला फोनवर सांगितलंत, तक्रारीच्या सुरात, आणि तुमचा सूर तक्रारीचा नव्हता.

मी बंगलोरला काही वर्षं राहिले, तिथे लग्न केलं, ते काही टिकलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाला घेऊन मी परत आले तेव्हा तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. फक्त फरीदाबादच्या घराची एक किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, कधी दार लावून बसावंसं वाटलं तर. मी गेले होते, बऱ्याचदा. बाबा गेल्यावर तुम्ही आणि मी तिथे एकदा सबंध दिवाळी दार लावून काढली. मग तुम्हीही गेलात, तुमच्या त्याच पलंगावर, दुपारी, माझ्या मुलाच्या हिंदीच्या वह्या तपासता तपासता. त्यालाही आता खूप वर्षं झाली. तो मुलगा आता हैदराबादला नोकरी करतो आणि हिंदी अशी सुरेख बोलतो की तिथले लोक बघत राहतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. सहलीचं तुम्हाला सांगावं म्हणून बसले. पण सहलीचं एवढंच नाही. आमच्या सोसायटीत, समोरच्या टॉवरमध्ये, एक गृहस्थ राहतात. मेरठचे, बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी बागेला फेऱ्या मारताना ओळख झाली. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी मला विचारलं, साथ में रहें तो कैसा रहे? मी म्हटलं, सोचती हूँ. मी अजून सोचतेच आहे. मुलाला सांगितलेलं नाही. त्याला विचारायचं नाही, सांगायचं, इतकं मात्र ठरवलं आहे.

रविवारी त्या ईझी वॉकला मी मुद्दाम मागे राहिले. पोरं सगळी पुढे, फोटो काढत. सुरूंपाशी थांबून मी त्या मेरठच्या गृहस्थांना फोन लावला. म्हटलं, रुकिए, आपको कुछ सुनाती हूँ, आणि फोन हातात धरून पाण्याच्या दिशेनं बराच वेळ लांब धरला. लाटा चांगल्या मोठ्या येत होत्या. मग कानाला लावला तर ते बोलतच होते. "हाँ हाँ, बिल्कुल सुनाई दे रहा है. बहुत सुंदर." फोन ठेवताना मी बघितलं, माझ्या अंगठ्यानं मघाशीच म्यूट दाबलं गेलं होतं. त्यांना काहीसुद्धा ऐकू गेलेलं नव्हतं.

परत येऊन चार दिवस झाले. रोज सकाळी फेऱ्या मारताना ते त्या लाटांचं कौतुक करतात, आणि मी अजून त्यांना काही सांगितलेलं नाही.